डिझेल पिकअप मिसिंग मारते, झटके देते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स यांसारख्या चार सिलिंडरच्या डिझेल पिकअप डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं कॉमन रेल इंजिनांसाठी आहेत, म्हणजे ज्यांत एका सामाईक नळीतून (रेलमधून) हाय प्रेशरचं डिझेल सगळ्या इंजेक्टरना जातं; जुन्या पंपवाल्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) गाड्यांचा प्रश्न वेगळा घेतला आहे. सुरुवातीलाच एक आग्रह: झटका कुठून येतो हे ठरल्याशिवाय इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) उघडू देऊ नका. तपासायला सगळ्यात स्वस्त गोष्टी आधी आणि इंजेक्टर शेवटी, हा क्रम पाळला तर हजारो रुपये वाचतात.

मिसिंग आणि झटके म्हणजे एकच का?

नाही. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नाही किंवा अर्धवट करतो. झटके म्हणजे सगळ्या इंजिनाची ताकद क्षणभर जाते आणि परत येते. दोन्हींची कारणं वेगळी असतात, म्हणून आधी हे ओळखा.

कान देऊन ऐकलं की फरक कळतो. ८०० आरपीएमच्या आयडलला (एक्सलरेटर न दाबता) चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला साधारण २७ वेळा पेटतं, पण प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला सेकंदाला ६ ते ७ ठोकेच येतात. एक सिलिंडर मेला असेल तर सायलेन्सरमागे हात धरल्यावर सेकंदाला ६-७ वेळा खळगा पडल्यासारखा नियमित धक्का जाणवतो आणि गिअरची दांडी त्याच तालावर थरथरते. असा ठरलेला ताल असेल तर एका सिलिंडरकडे बघा. ताल नसेल, कधी दोन झटके, कधी पाच मिनिटं काहीच नाही, असं असेल तर डिझेलचा पुरवठा, हवा किंवा वायरिंग. चारही इंजेक्टर एकाच वेळी लहर लागल्यासारखे वागत नाहीत.

गॅरेजला नेण्याआधी ड्रायव्हरने काय पाहून ठेवावं?

चार गोष्टी. पहिली, झटका बसताना आरपीएमचा काटा. गाडी वेगात असताना काटा एकदम शून्याकडे पडून परत वर आला तर क्रँक सेन्सरचा (इंजिन किती वेगात फिरतंय ते मोजणारा सेन्सर) सिग्नल तुटतो आहे किंवा करंट जातो आहे. चाकं इंजिनाला फिरवत असताना डिझेल कमी पडलं म्हणून काटा असा पडत नाही.

दुसरी, धूर. झटक्यासोबत डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे डिझेल आत गेलं पण जळलं नाही. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. धूरच नाही आणि ताकद गेली, तर डिझेल पोचलंच नाही. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

तिसरी, कोणत्या वेळी होतं: थंड असताना, तापल्यावर, चढावर, टाकी पावच्या खाली आल्यावर, की फक्त एका ठरावीक वेगाला. चौथी, क्लच दाबल्यावर काय होतं. क्लच दाबून इंजिन एकसारखं चालत असेल आणि पाय काढला की पुन्हा धडधड, तर दोष इंजिनाच्या मागेही असू शकतो.

नेमका कोणता सिलिंडर मिसिंग आहे हे कसं शोधायचं?

सगळ्यात साधी पद्धत पाण्याची. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी चालू करा, एक-दीड मिनिटाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर, हेडला लागूनच, पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. तीन नळ्यांवर थेंब चर्र करून उडतो, चौथीवर नुसताच ओघळतो. तोच सिलिंडर. पाच मिनिटांनी करू नका, तोवर शेजारची उष्णता पसरून सगळ्याच नळ्या तापतात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर हेच काम आकड्यांत होतं.

स्कॅनर असेल तर सिलिंडर बॅलन्सचे आकडे पहा. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आयडलला प्रत्येक सिलिंडरला डिझेल कमी-जास्त देऊन इंजिन सारखं ठेवतो. ज्या सिलिंडरला सतत जास्त डिझेल द्यावं लागतंय तो अशक्त, ज्याचं सतत कापावं लागतंय त्याचा इंजेक्टर जास्त सोडतोय. स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंदही करता येतो: बंद केल्यावर आवाजात फरक पडला नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला.

कॉमन रेल इंजिनावर पाइपचा नट सैल करून चालेल का? कधीही नाही. जुन्या पंपवाल्या गाडीवर नट सैल करून मिसिंग शोधायची सवय अनेकांच्या हातात आहे, तीच इथे जीवावर बेतते. कॉमन रेलमध्ये आयडललाच २५० ते ३०० बारचं प्रेशर असतं आणि लोडवर ते १६०० बारच्या आसपास जातं. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याइतकी दिसते, दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल मांस सडवतं आणि बोट किंवा हात गमवावा लागतो. असं झालंच तर तासाभरात हॉस्पिटल गाठा आणि "हाय प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर हात न लावता पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं थांबल्याशिवाय रेलच्या पाइपला पाना लावू नका.

नवा डिझेल फिल्टर टाकला, तरी घाटात झटके देते. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लोड भरून कसारा घाट चढताना झटके आणि सपाट रस्त्यावर सगळं ठीक, हे इंजिनाला हवं तेवढं डिझेल पोचत नसल्याचं लक्षण आहे. फिल्टर हा त्या वाटेवरचा एकच टप्पा.

टाकीपासून सुरुवात करा. टाकीच्या झाकणाचा किंवा ब्रीदरचा श्वास बंद झाला तर गाडी अर्धा तास बरी चालते, मग टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झटके सुरू होताच गाडी बाजूला घेऊन झाकण उघडा. 'सूं' करून हवा आत गेली आणि पुढे गाडी नीट चालली, तर दोष सापडला. खर्च एका झाकणाचा.

मग टाकीतली जाळी. ड्रममधून किंवा कॅनमधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांच्या टाकीत गाळ, गंज, पोत्याचे धागेसुद्धा निघतात. कमी डिझेल लागतं तोवर जाळीतून पुरतं, चढावर मागणी वाढली की कमी पडतं. गाडी बंद करून पाच मिनिटं उभी केली की जाळीवरचा कचरा खाली बसतो आणि पुन्हा थोडा वेळ बरी चालते, ही खूण लक्षात ठेवा.

त्यानंतर हवा. पंप टाकीतून डिझेल ओढत असतो, म्हणजे टाकी ते पंप या पाइपमध्ये बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. तिथे चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून "कुठे थेंबही नाही" हा पुरावा धरू नका. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप क्लिप लावून बसवा आणि इंजिन २००० आरपीएमवर धरा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे चालतात. सोडा वॉटरसारखी सतत माळ दिसली तर हवा येतेय. फिल्टरची रबर सील, फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू, हँड पंप, क्विक कपलिंगची ओ-रिंग आणि कडक झालेला रबर पाइप, याच क्रमाने बघा. नवा फिल्टर टाकल्यावर दोष सुरू झाला असेल तर जुनी सील तिथेच राहून दोन सील एकावर एक बसल्यात का ते आधी पाहा.

शेवटची खात्री कॅनने होते. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, पंपाचे सक्शन (डिझेल ओढणारा) आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत नेणारा) दोन्ही पाइप त्यात सोडा, कॅन नीट बांधा आणि त्याच चढावर चालवून पाहा. झटके गेले तर दोष टाकी ते पंप यामध्येच आहे, इंजेक्टरला हातही लावायची गरज नाही. ही पद्धत पंप स्वतः डिझेल ओढतो त्या गाड्यांची. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी फिरवल्यावर दोन सेकंद त्याची घरघर ऐकू येते का आणि प्रेशर किती येतं, ते आधी तपासा.

डिझेलमध्ये पाणी आहे हे कसं कळेल?

फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत साधारण २०० मिली डिझेल काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. तळाशी तपकिरी थर असेल तर टाकीला गंज आहे. पावसाळ्यात आणि अर्धी रिकामी टाकी घेऊन रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे दर आठवड्याला करा. हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलच देतं, पाणी ते देत नाही. आतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, तिथे गंजाचा एक कणही अडकतो. पाण्याचा दिवा लागलेला असताना "गावी जाऊन बघू" म्हणू नका.

रॉकेलमिश्रित डिझेलचंही असंच: वंगण कमी, झीज जास्त. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावीच फिरवू नका, टाकी रिकामी करा.

फिल्टर बदलल्यावर हवा कशी काढायची?

नवा फिल्टर उघड्या तोंडाने डिझेल ओतून भरू नका, ते डिझेल न गाळताच पंपात जातं. फिल्टर बसवून हँड पंप कडक होईपर्यंत दाबा, एअर स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे संपेपर्यंत. मग १० ते १५ सेकंद सेल्फ मारा, अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा मारा. रेलच्या बाजूचा एकही नट उघडायचा नाही, तिथली हवा इंजेक्टरच्या रिटर्नमधून आपोआप जाते.

इंजेक्टर खरंच खराब आहे हे कसं ठरवायचं?

लीक-ऑफ टेस्टने सुरुवात, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून रिटर्नला किती डिझेल जातं ते मोजायचं. इंजिन गरम करा, बंद करा, चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून प्रत्येकाला पारदर्शक नळी आणि एकसारखी बाटली लावा, मूळ रिटर्न पाइपचं तोंड बंद करा. तीन मिनिटं आयडल, एक मिनिट २००० आरपीएम. चारही बाटल्यांत पातळी जवळपास सारखी हवी. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर त्या इंजेक्टरचा आतला व्हॉल्व्ह झिजला आहे, आणि रेलचं प्रेशर तिथून पळतंय. पिएझो इंजेक्टर (कॉइलऐवजी पिएझो क्रिस्टलवर चालणारे) असलेल्या इंजिनावर ही चाचणी अशी करू नका, त्यांना रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो.

ही टेस्ट पास झाली म्हणून इंजेक्टर चांगला असं मात्र नाही. टोकाचं नोझल थेंब सोडत असेल तर ते रिटर्नमध्ये दिसत नाही. ते टेस्ट बेंचवरच कळतं, आणि बेंचचा छापील रिपोर्ट मागून घ्या: आयडल, अर्धा लोड, पूर्ण लोड आणि रिटर्न, चारही मापं त्यात हवीत.

इलेक्ट्रिकल बाजूने मल्टिमीटर लावा. बहुतेक सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल एक ओमपेक्षा कमी दाखवते, चारही जवळपास सारखे हवेत. कनेक्टर काढताना चावी बंद असू द्या. चालू इंजिनात त्या वायरला ६०-८० व्होल्टचे झटके येतात.

आणि एक गोष्ट जी फार वेळा निसटते: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा कडक थर आणि आयडलला 'फुस फुस' आवाज म्हणजे वॉशर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेली हवा) सोडतोय. इंजेक्टर ठीक असतो, सिलिंडर अशक्त होतो. इंजेक्टर निघेल तेव्हा वॉशर नवा, त्याच जाडीचा. खळग्यात जुना वॉशर चिकटून राहिला आणि वर नवा बसला तर नोझल उंच राहतं, धूर आणि मिसिंग दोन्ही वाढतं. टॉर्च आणि तारेचा आकडा घेऊन खळगा बघितल्याशिवाय इंजेक्टर बसवू देऊ नका.

नवा इंजेक्टर टाकला, तरी आयडल खडखडतंच. आता काय?

इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीयूमध्ये भरला का, हे विचारा. प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळं डिझेल सोडतो आणि तो फरक या कोडमध्ये असतो. दुसऱ्या नंबरवरचा इंजेक्टर तिसऱ्यावर बसवला तरी कोड बदलावा लागतो. कोड बरोबर असूनही तोच सिलिंडर अशक्त असेल तर दोष इंजेक्टरचा नव्हताच, कॉम्प्रेशन मोजा.

कॉम्प्रेशन किती हवं?

ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारा प्लग) किंवा इंजेक्टरच्या भोकातून डिझेलचाच गेज लावून मोजा, पेट्रोलच्या गेजचा काटा पुरत नाही. इंजेक्टरचे कनेक्टर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. गरम इंजिन, भरलेली बॅटरी. निरोगी इंजिनात साधारण २५ ते ३० बार येतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, पण सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा: दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केट. एकच कमी असेल तर चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. ऑइल चमचाभरच, डिझेल इंजिनात वरची जागा फार कमी असते.

सकाळी थंडीत अर्धा मिनिट मिसिंग, मग ठीक. चिंता करावी का?

नाशिक-निफाडच्या डिसेंबरमध्ये ग्लो प्लग असलेल्या गाडीला हे होत असेल तर आधी ग्लो प्लग तपासा. वायर काढून टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसला जोडा आणि प्लगच्या टोकाला टेकवा. दिवा पेटला नाही तर प्लग तुटलेला. चारही पेटले तर रिले बघा. दरवर्षी हा वेळ वाढत चालला असेल तर कॉम्प्रेशन उतरतंय.

इंजिन तापल्यावर बंद पडतं, अर्ध्या तासाने आपोआप चालू होतं. कारण?

क्रँक सेन्सर, बहुतेक वेळा. आतली कॉइल गरम झाली की तुटते, थंड झाली की जुळते. बंद पडल्याबरोबर सेल्फ मारून आरपीएमचा काटा बघा, किंवा स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर नक्की झालं. नवा टाकण्याआधी त्याच्या टोकावरचा लोखंडी चुरा पुसून आणि कनेक्टर साफ करून पाहा.

वायरिंगचा दोष कुठे शोधायचा?

जिथे माणसाचा हात लागला आहे तिथे. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, चोरी रोखायचा छुपा रिले, जादा हेडलाइट, गाण्यांचा टेप: यासाठी इग्निशनची वायर कापून जोडलेली असते आणि ती जोड खड्ड्यात हलते. असे सगळे जोड सोडवून मूळ वायर पूर्ववत करा आणि मगच पुढचं बोला. मग उंदीर. शेतात, गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या इंजिनावरची वायर दाताच्या खुणांसाठी बोट फिरवून तपासा.

त्यानंतर अर्थ. बॅटरीचा मायनस ते इंजिन ब्लॉक, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून घासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

हार्नेस (वायरचा जुडगा) हलवून पाहायची चाचणी सोपी आहे. आयडलला ठेवून एकेक भाग हळू हलवा, इंजिन दचकलं तिथे थांबा.

ब्रेक स्विच कुणाच्या लक्षात येत नाही. तो सैल असला की ईसीयूला वाटतं ब्रेक आणि एक्सलरेटर एकत्र दाबलेत, आणि ताकद काढून घेतो. मागच्या गाडीतल्या माणसाला सांगा: झटक्याच्या वेळी ब्रेक लाइट लुकलुकतात का बघ.

स्कॅनरवर कोणते कोड दिसले तर काय समजायचं?

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे १ ते ४ नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. पी०२०१ ते पी०२०४ त्या त्या इंजेक्टरच्या वायरचा दोष. पी००८७ रेलचं प्रेशर कमी, पी००८८ जास्त. पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०३४० कॅम सेन्सर. पी२१३८ एक्सलरेटर पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ बसत नाही. पी०२९९ टर्बोचं बूस्ट (हवेचा दाब) कमी.

कोड हा पत्ता आहे, निदान नव्हे. पी००८७ आला म्हणून पंप बदलणं ही सगळ्यात महाग चूक, कारण चोंदलेला फिल्टर, हवा, झिजलेला इंजेक्टर, मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा), सगळ्यांनी तोच कोड येतो. कोडपेक्षा लाइव्ह डेटा पाहा: मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्षातलं प्रेशर, दोन्ही एकाच ग्राफवर, चढावर, लोडसकट. झटक्याच्या क्षणी प्रत्यक्ष प्रेशर मागणीपेक्षा शंभर-दोनशे बार खाली घसरलं तर डिझेलच्या वाटेवर शोधा. दोन्ही रेषा एकत्र खाली आल्या तर ईसीयूने स्वतःच ताकद कापली, म्हणजे पेडल, ब्रेक स्विच किंवा सेन्सर. आयडललाच प्रेशर झुल्यासारखं वरखाली होत असेल तर मीटरिंग व्हॉल्व्ह किंवा हवा.

काळा धूर आणि १८०० आरपीएमनंतर झटके?

टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे रबरी होस हाताने वाकवून बघा. चीर बहुधा खालच्या बाजूला असते आणि बूस्ट आल्यावरच उघडते. तेलकट डाग दिसला की तिथेच. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी काळा धूर आणि हलक्या एक्सलरेटरवर गचके येतात.

दोष इंजिनात नसेलच तर?

फक्त पहिल्या गिअरला सुटताना गचके: क्लच प्लेटवर तेल किंवा इंजिनाचं माउंटिंग फाटलेलं. एक्सलरेटर सोडताना-दाबताना 'टक्क': प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट क्रॉस. चौथ्या गिअरला ३० च्या वेगाने लोड ओढताना गाडी हिसके देते, ती तक्रार नव्हे, गिअर कमी करा.

जुन्या पंपवाल्या डीआय गाडीत काय वेगळं?

ईसीयू नाही, म्हणून चारच गोष्टी: हवा, फीड पंप, नोझल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट). इथे आयडलला एकेक पाइपचा नट अर्धा फेरा सैल करून मिसिंग सिलिंडर शोधता येतो, चष्मा आणि हातमोजे घालून. सैल केल्यावर आवाज बदलला नाही, तोच नोझल काढा. चारही नोझल एकाच दाबाला उघडले पाहिजेत, नोझल टेस्टरवर शिम घालून जुळवतात. रोटरी पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो, त्याची एकच वायर सैल असली तरी गाडी खड्ड्यात बंद-चालू होते. मेकॅनिक अजूनही ज्याला 'मायको' म्हणतात ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे, त्यामुळे जुन्या पंपाचे नंबर शोधताना दोन्ही नावं बघा.

मिसिंग असताना गाडी चालवली तर चालेल का?

हवेचे किंवा फिल्टरचे झटके असतील तर हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत. पण हातोडीने ठोकल्यासारखा कडक आवाज एका सिलिंडरमधून येत असेल आणि पांढरा किंवा काळा धूर असेल तर तिथेच इंजिन बंद करा आणि टो करा. इंजेक्टर उघडा अडकला की डिझेलची धार पिस्टनला भोक पाडते, आणि त्याला पाच-दहा किलोमीटरही पुरतात.

डिपस्टिक रोज बघा. ऑइलची पातळी वाढली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर गाडी चालू करू नका. पातळ ऑइल बेअरिंग खातं, शिवाय ते वाफेसोबत इनटेकमध्ये गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुसाट सुटतं. अशा वेळी चावी काढूनही ते थांबत नाही. ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, म्हणजे इंजिन बंद पडेल. गिअर टाकता येत नसेल तर एअर फिल्टरच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबा. हात किंवा कापड लावू नका, ते आत ओढलं जातं. तेही जमलं नाही तर इंजिनापासून लांब व्हा.